अनावश्यक एक

सकाळचे साडेदहा वाजले होते, चहाचा दुसरा घोट अजून घशाखाली उतरायचा होता, आणि दोनशे चौदाव्या फ्रेमवर व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम मेला. मेला म्हणजे साफ मेला. ना कण्हला, ना कुंथला. खिडकी मिटली आणि तिच्यामागचा पडदा कोरा दिसायला लागला. ऑफिसात ज्याला सगळे टापटिपे म्हणत त्या सत्तेचाळीस वर्षांच्या गृहस्थाने कप खाली ठेवला, तोही बशीच्या बरोबर मधोमध, आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. या खेपेला तो दोनशे एकोणिसाव्या फ्रेमवर गेला. तिसऱ्या खेपेला एकशे ऐंशीवर. मरायचं तर निदान एका ठिकाणी मरावं, एवढीही शिस्त त्याच्या अंगी नव्हती, आणि टापटिपेला बेशिस्त मरण सहन होत नसे. हे नाव काही त्याच्या घराण्याचं नव्हतं. त्याच्या टेबलावर पेन्सिली उंचीनुसार लागत, त्याच्या कोडमध्ये एक ओळ जास्तीची सापडत नसे, आणि दुसऱ्याच्या कोडमध्ये सापडली तर ती तो उपटून टाकी, पायात रुतलेला काटा काढावा तशा समाधानाने. त्यातून हे नाव पडलं, आणि खरं सांगायचं तर मनातून त्याला ते आवडायचं. घरी मात्र तो धाकटा होता. दादाचा धाकटा, आत्याचा धाकटा. सत्तेचाळीस वर्षं झाली तरी बढती नाही.

आज मेलेला व्हिडिओ परक्या कोणाचा असता तर तो इतका हलला नसता. पण ही टेप घरची होती. वडिलांनी मित्राकडून चार दिवसांसाठी कॅमेरा उसना आणला होता, आणि त्या चार दिवसांत जे दिसेल ते टिपत सुटले होते: खिडकीचे गज, आईची पाठ, झोपलेला दादा, आणि शाळेची सहल निघाली तेव्हा फाटकातून बाहेर पडणारी दुसरीच्या मुलांची रांग. ती रांग आत्याच्या वर्गाची. आत्या त्या शाळेत शिकवायची आणि धाकटा तिच्याच वर्गात होता. शाळेत बाई म्हणायचं आणि घरी आत्या, असं पहिल्या दिवशी त्याला दहा वेळा बजावलं होतं. त्याने अकराव्या मिनिटाला भर वर्गात "आत्या, पेन्सिल" म्हणून हाक मारली आणि त्या दिवसापासून सगळा वर्ग तिला आत्या म्हणायला लागला. पुढच्या वर्षीचा वर्गही. त्या मुलांपैकी एक आज लोकांचे दात काढतो, एक बस चालवतो, आणि दोघंही तिला दिसल्याबरोबर आत्या म्हणतात. टेपमध्ये ती रांगेच्या शेवटी आहे, चित्राच्या अगदी उजव्या काठाला. येत्या रविवारी दादाकडे सगळे जमणार होते, तेव्हा ही टेप लावायची असं धाकट्याने ठरवलं होतं. त्यासाठी त्याने ती संगणकात उतरवून घेतली आणि चारी बाजूंची काळी कड हाताने कापली, शेवटच्या ठिपक्यापर्यंत, मन लावून. काठाला एक हिरवा दोरा मात्र दिसत राहिला. जुन्या टेपा विटतात, असं म्हणून त्याने तो सोडून दिला होता.

"परत मेला ना?" पलीकडच्या टेबलावरून आवाज आला. ती चाचण्या घेणारी. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम मोडून दाखवायचा, हीच तिची नोकरी. तिला ऑफिसात शंका म्हणत, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे, याचंच टापटिपेला वाईट वाटायचं.

"आवाजाच्या भागात मरतोय," तो म्हणाला. "आवाजवाल्याने काहीतरी घोळ घातलाय."

"आवाजवाला बिचारा तीन महिने हेच ऐकतोय. तो स्टुडिओवाला ग्राहक आठवतो? त्याचा व्हिडिओ असाच मरायचा. तुम्ही म्हणालात, मशीन बदला म्हणावं."

"म्हणालो असेन."

"त्याने बदललं. नवंही मेलं. पण तेव्हा व्हिडिओ त्याचा होता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं." ती खुर्ची सरकवत आली. "पहारा लावून चालवा."

पहारा म्हणजे मेमरीवरचा पहारा. प्रोग्रॅमला काम करायला मेमरीत जागा लागते, ती तो मोजून मागून घेतो, आणि मागितली तेवढ्यातच वावरायचं असा नियम असतो. एखाद्याने आपली भिंत ओलांडून शेजारच्या खोलीत काही ठेवलं तर त्या क्षणी कोणी ओरडत नाही. शेजारी संध्याकाळी घरी येतो, दिवा लावतो, आणि मग कोसळतो. पंचनामा होतो तो शेजाऱ्याच्या खोलीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पहारा लावला की शिपाई एकेक भिंत तपासत फिरतो आणि कोणाचा पाय एवढासाही पलीकडे पडलेला सापडला की मानगूट धरतो. उपाय रामबाण, पण प्रोग्रॅम शंभरपट हळू चालतो.

"जेवणाची वेळ होईल," तो कुरकुरला.

"होऊ दे. तुम्हाला कुठे गाडी पकडायचीय?"

त्याने पहारा लावला. पडद्यावर फ्रेम इतक्या सावकाश सरकायला लागल्या की त्या मोजता आल्या असत्या. शाळेचं फाटक. फाटकाची अर्धी उघडी दुसरी फळी. मुलं जोडीजोडीने बाहेर पडतायत, हातात हात, प्रत्येकाच्या दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. पहिली जोडी यायला दहा मिनिटं लागली. टापटिपे हात बांधून बघत बसला आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या हाताला काही काम नसल्यामुळे मनाने त्याला धरलं. वर्गात एकतीस मुलं होती. जोड्या पंधरा, आणि एक उरायचा. उंचीप्रमाणे उभं केलं की उरणारा ठरलेला, धाकटा, कारण त्याच्याएवढं बुटकं त्या वर्गात दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे पुढून पहिला यायला हवा, पण आत्या रांग उलटी लावायची, उंच मुलं पुढे, कारण रस्ता ओलांडताना गाडीवाल्याला आधी उंच मूल दिसावं. असं तिचं स्वतःचं शास्त्र होतं. पहिल्या दिवशी तो शेवटी एकटा उभा राहिला तेव्हा त्याचा ओठ थरथरायला लागला होता. "मला जोडीदार का नाही?" त्याने विचारलं. "आहे की," आत्या म्हणाली, "मी काय झोपा काढतेय?" आणि तिने त्याचा हात धरला. तिचा हात खडूने कोरडा असायचा. अजूनही खडूचा वास आला की त्याला रस्ता ओलांडावासा वाटतो.

रविवारी जमायचं कारण आत्याच होती. दोन महिन्यांपूर्वी ती जिन्यावर घसरली. तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, वय शहात्तर. मनगटावर निभावलं, पण बातमी कळली तेव्हा धाकट्याच्या पायाखालची जमीन सरकली होती. दवाखान्यात ती प्लास्टर घातलेला हात पुढे करून म्हणाली, "यावर सही कर, पण अक्षर नीट काढ." तो हसला आणि बाहेर येऊन भिंतीला तोंड करून रडला. मग दादा म्हणाला की आता तिला एकटं ठेवायचं नाही. धाकटाही म्हणाला, नाही ठेवायचं. पण कोणाकडे? दोघांनाही हवी होती, दोघांकडेही एक खोली रिकामी होती, कोणीच अंग चोरत नव्हतं, आणि त्यामुळेच भांडण व्हायची वेळ आली. तेव्हा धाकट्याने तक्ता केला. जानेवारी ते जून दादाकडे, जुलै ते डिसेंबर आपल्याकडे. औषधं, तपासण्या, कपाटातले कप्पे, सगळं रकान्यांत. अर्धं तुझं, अर्धं माझं, कुठे काही उरत नाही. दादाला तो इतका पटला की त्याने वहिनीला मोठ्याने वाचून दाखवला. या महिन्याच्या अखेरीस आत्याची जागा सोडायची, आणि त्यावर रविवारी शेवटचं शिक्कामोर्तब.

आत्याला हे धाकट्यानेच फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

हे बरं गेले दहा दिवस त्याच्या कानात चपलेतल्या खड्यासारखं टोचत होतं. कारण त्याला ते ओळखीचं होतं. वर्गात कोणी सांगितलं की गृहपाठाची वही उंदराने खाल्ली, तर आत्या रागावत नसे, हटकत नसे. फळ्याकडे वळताना एवढंच म्हणायची, बरं. त्यापेक्षा छडी परवडली असती.

एक वाजता शिपायाने चोर धरला. पडद्यावर लाल अक्षरं उमटली, आणि शंका डबा तसाच उघडा टाकून धावत आली. लिहिलं होतं ते थोडक्यात असं की मागितलेली जागा संपल्यावर तिच्या लगेच पुढच्या घरात लिहिलं गेलं आहे. आवाजाच्या भागात नव्हे. रंग बदलण्याच्या भागात. म्हणजे टापटिपेच्या स्वतःच्या भागात.

व्हिडिओतलं चित्र ठिपक्यांचं असतं, आणि ठिपक्याठिपक्याचा रंग वेगळा साठवायचा म्हटलं तर फार जागा जाते. म्हणून कोणा शहाण्याने काटकसर काढली: उजेड-अंधार प्रत्येक ठिपक्याचा वेगळा लिहायचा, रंग मात्र चौघांत एक. दोन आडवे, दोन उभे, चार भावंडांत एक छत्री. माणसाचा डोळा रंगाच्या बाबतीत आळशी असतो, त्याला पत्ता लागत नाही. पडद्याला मात्र ही वाटणी चालत नाही, त्याला प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा वेगवेगळा लागतो. एका मांडणीतली फ्रेम दुसऱ्या मांडणीत नेणं, हे टापटिपेचं काम. रंगाची जागा मागताना रुंदी निम्मी करायची आणि उंची निम्मी करायची, इतकं ते सोपं.

"या टेपची रुंदी किती?" शंकेने विचारलं.

त्याने पाहिली. सातशे एक.

"विषम?" ती म्हणाली. "अशी कोणी कापली?"

"मी." शेवटच्या ठिपक्यापर्यंत, मन लावून.

सातशे एकाचं अर्धं साडेतीनशे आणि वर अर्धा. पण जागा मोजताना यंत्र पूर्णांकच धरतं, अर्धा टाकून देतं. साडेतीनशे घरं मागितली गेली. रंग भरणारा भाग मात्र एकेक जोडी घेत घेत शेवटाला पोचला, तिथे जोडी नसलेला एक ठिपका उभा दिसला, आणि त्यालाही रंग हवाच म्हणून तो तीनशे एक्कावन्नावं घर भरायला गेला. ते घर नव्हतंच. दर ओळीत एक घर कमी, आणि ओळी संपल्यावर तो सरळ शेजाऱ्याच्या खोलीत शिरत होता. हिरवा दोरा तो हाच: जिथे रंगाची नोंदच सापडत नाही तिथे पडदा हिरवं दाखवतो. टेप कुठेही विटलेली नव्हती.

"पण भरणाऱ्याला कळतं आणि मागणाऱ्याला कळत नाही, असं कसं?" शंका म्हणाली. "एकाच माणसाने लिहिलंय का हे?"

कोणती ओळ कोणी, कधी, का बदलली, याची नोंद ठेवायची त्यांच्याकडे पद्धत होती. पद्धत टापटिपेनेच पाडली होती आणि बदल करणाऱ्याने एका वाक्यात कारण लिहिलंच पाहिजे असा त्याचाच आग्रह होता. त्यांनी नोंद उघडली. मुळात दोन्ही ठिकाणी निवृत्त झालेल्या जुन्या साहेबांची ओळ होती: आधी एक मिळवायचा, मग अर्धं करायचं. सातशे एकाचे सातशे दोन, त्याचे तीनशे एक्कावन्न. उरलेल्या एकालाही पुरतं घर. सहा वर्षांपूर्वी एका ठिकाणचा तो एक काढला गेला होता. कारण लिहिलं होतं: अनावश्यक एक काढून टाकला. रुंदी कधीच विषम नसते. खाली नाव टापटिपेचं.

शंकेने नोंद वाचली, खालचं नाव वाचलं. तिने फक्त गाल आतून चावला, आणि मग तिला ते आवरेना. ती हसली, आधी नाकातून, मग खुर्चीला धरून, आणि नवल म्हणजे तोही हसायला लागला. इतका की आवाजवाला दारात येऊन उभा राहिला. "सापडलं?" त्याने विचारलं. "सापडला," टापटिपे डोळे पुसत म्हणाला, "हा काय, समोर बसलाय. तीन महिन्यांची माफी एकदम मागतो." आवाजवाल्याने मोठ्या मनाने ती दिली आणि शंकेच्या डब्यातला एक घास उचलून नेला.

एक परत ठेवायला अर्धं मिनिट लागलं. पण दुरुस्तीवर विश्वास ठेवला तर ती शंका कसली? "सगळ्यात लहान करून बघू," ती म्हणाली. "एकच ठिपका. रुंदी एक, उंची एक. आधी तुमच्या जुन्या कोडवर, म्हणजे मजा कळेल." त्याने एका ठिपक्याचं चित्र दिलं. एकाचं अर्धं, आणि तुकडा टाकून द्यायचा. प्रोग्रॅमने मेमरीकडे रंगासाठी जागा मागितली ती शून्य.

"शून्य," शंका वाचत म्हणाली. "दोन बाजूंनी निम्मं केलं बिचाऱ्याला, शिल्लक काहीच नाही."

ती हे सहज म्हणाली आणि डब्याकडे परत गेली. टापटिपे तसाच बसून राहिला. त्याच्या टेबलावर, पेन्सिलींच्या शेजारी, काठाला काठ लावून तो तक्ता ठेवलेला होता. सहा महिने, सहा महिने. दादाच्या घरी ती पाहुणी, आपल्या घरी ती पाहुणी. तिची फुटक्या कपांतली रोपं यातल्या कुठल्या सहा महिन्यांत? तिचा दात काढणारा विद्यार्थी संध्याकाळी येऊन बसतो तो कुठे येऊन बसणार? तिचं दार कुठलं? त्याने अर्धं इकडे टाकलं, अर्धं तिकडे, बेरीज एक येईल असं धरून, आणि वर छान सुबक रेघा मारल्या.  ज्या बाईने एकतीस मुलांतलं एक कधी टाकलं नाही, तिला आपण किती नीटनेटकेपणाने टाकायला निघालो होतो, याची त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग दुसरं काहीतरी वर आलं, दहा दिवस तळाशी बसलेलं. त्या फोनवर बरं म्हणायच्या आधी आत्या आणखी एक वाक्य बोलली होती. तिच्याच इमारतीतली तळमजल्यावरची जागा रिकामी झाली आहे, असं काहीतरी. तो "हो का" म्हणाला होता आणि कपाटाच्या कप्प्यांकडे वळला होता.

त्याने आधी दादाला फोन लावला.

"अरे, पण तक्ता तूच केलास ना?" दादा म्हणाला.

"चुकला तो."

"कोण चुकला?"

"मी, दादा. तिला आपण विचारलंच नाही. तिच्या इमारतीत खालची जागा आहे. जिना नको, इतकंच तर हवंय. जायच्या-यायच्या पाळ्या आपण लावू, तू आणि मी. तिने कशाला फिरायचं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, "मला ती हवी होती रे घरी."

"मलाही."

"हं." दादाने नाक ओढलं. "तू चुकलास हे मात्र लिहून दे. तुझ्या वहिनीला फ्रेम करून लावायचंय."

मग त्याने आत्याला लावला. घंटी वाजत असताना त्याने दुरुस्त केलेल्या प्रोग्रॅमवर टेप सोडली, या वेळी पहारा काढून. दोनशे चौदावी फ्रेम आली आणि गेली. जोड्या भराभर फाटकातून बाहेर पडत होत्या. हिरवा दोरा नव्हता.

"आत्या, ती खालची जागा अजून रिकामी आहे का?"

"कोणाला हवीय?"

"तुला. म्हणजे, तुला हवी असली तर. हवीय का तुला?"

त्याने रांगेतली एक पेन्सिल उचलून हातात धरली.  बरं म्हणाली तर काय करायचं, हे त्याने ठरवलेलं नव्हतं.

"किल्ली माझ्याकडेच आहे," आत्या म्हणाली.  "घरमालकिणीला म्हटलं, रविवार संध्याकाळपर्यंत ठेवते. कोणी विचारलं तर ठीक, नाहीतर परत देते."

"अगं, मग सांगायचंस ना सरळ!"

"सांगितलं होतं की. एकदा." मग ती खुदकन हसली, शहात्तर वर्षांच्या बाईला न शोभेल असं. "मी वर्गात एकदाच सांगायचे. दुसऱ्यांदा ऐकायचं काम तुमचं. दहा दिवस लागले तुला, पण तू पहिल्यापासून संथच."

"चुकलो गं आत्या."

"असू दे. ती टेप लागली का?"

त्याने पडद्याकडे पाहिलं. शेवटच्या जोडीमागून ती आली होती, सदतीस वर्षांची, आणि तिचा हात धरून एक बुटकं पोर. त्याला आठवत होतं की आपण तेव्हा रडवेले होतो. पण ते पोर रडवेलं नव्हतं. तिने त्याचा हात झोपाळ्यासारखा उंच उडवला होता आणि ते तोंड उघडून हसत होतं, पाण्याची बाटली सांडत होती, आणि पुढच्या जोडीतला मुलगा वळून हेव्याने बघत होता.

"लागली."

"मी दिसते का?"

"अगदी काठाला आहेस. पण पूर्ण दिसतेस."

"मग रविवारी तिकडे नको, इकडे खालीच आणा सगळे. जमिनीवर बसून बघू. आणि येताना हातोडी आण, भिंतीला काही लावायचं झालं तर. खिळे आहेत माझ्याकडे."

विसरायला नको म्हणून त्याने समोरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत हातोडी असं आडवंतिडवं लिहून ठेवलं. तो कागद तक्त्याचा होता, हे फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं.